जोडीचा कागद

आमच्या मोर्शीकडं गावजत्रेत दंगल असली की लहान पोट्ट्यांच्या कुस्त्या रेवडीवर लागतात. लहान इनामाच्या जोडी मैदानातच हाताला हात लावून जुळतात. शेवटची कुस्ती मात्र महिनाभर आधी ठरवावी लागते. १९८० च्या माघात आमच्या जत्रेतली अशी एक जोड ठरवायला मी सायकलवर हिंडलो. आमच्या आखाड्यात दहावी झालेला मी एकटाच होतो, अन् वस्तादाला कागद लिहिणारा माणूस पाहिजे होता.

जोड होती माझ्या दादाची अन् नदीपलीकडच्या आखाड्यातल्या मोठ्या पहेलवानाची. सहा वर्षांआधी या दोन आखाड्यांत एका कुस्तीवरून दगडफेक झाली होती. पाठ लागली म्हणणारे अर्धे, नाही लागली म्हणणारे अर्धे. तेव्हापासून दोन्ही वस्तादांनी एकमेकांच्या दारचं पाणी सोडलं होतं. बोलणी करायला जो आधी जाईल तो अर्धा पडला, अशी दोघांचीही समजूत. मग माझ्यासारख्या पोराला मधात घातलं. पोरगं गेलं तर कोणाची इज्जत जात नाही.

पहिली अडचण पंचाची. आमचा पंच त्यांना नको, त्यांचा आम्हाला नको. शेवटी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेला माणूस आणायचं ठरलं. १९१४ पासूनची ती संस्था, १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये देशी खेळ दाखवून आलेली. तिच्या नावापुढं कोणी बोललं नाही.

दुसरी अडचण वेळेची. दादा वजनानं हलका पण दमाचा. त्याला जितका वेळ मिळेल तितका चांगला. समोरचा अंगानं भारी, त्याला दहा मिनिटांत निकाल पाहिजे. आमचे वस्ताद म्हणत, वेळच लिहू नको. पलीकडच्या वस्तादांनी मला ओसरीवर बसवून गामा पहेलवानाची गोष्ट सांगितली. १९१० मध्ये लंडनला गामाची झिबिस्कोशी कुस्ती लागली. झिबिस्को जो मातीला चिकटला तो अडीच तासांवर उठलाच नाही. कुस्ती बरोबरीत. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं तर आलाच नाही. "वेळ नाही लिहिली तं तुहा भाऊ तसाच पडून राहीन," ते म्हणाले. मी तो निरोप आणला, आमचे वस्ताद चिडले, पण अर्ध्या घंट्यावर राजी झाले.

तिसरी अडचण पैशाची, अन् तिथं गाडी अडली. इनाम पाचशे रुपये. कापसाचे चुकारे हाती आलेले, म्हणून जत्राकमिटीनं एवढी हिंमत केली होती. पलीकडचे म्हणत, जिंकणाऱ्याला साडेतीनशे, पडणाऱ्याला दीडशे. आमचे वस्ताद म्हणत, दोघांना बरोबर. पडलेल्याच्या खुराकाचं कोण पाहील? त्यावर पलीकडून उत्तर आलं, "पडणाऱ्यालेही बराबर देले तं मंग लढन कोन? लोक नुरा कुस्ती म्हनतीन."

बोलणं खोटं नव्हतं. पण पुढं वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचलं की १९७१ ला न्यूयॉर्कात मुहम्मद अली अन् जो फ्रेझियर लढले तेव्हा दोघांनाही पंचवीस-पंचवीस लाख डॉलर बोलले होते. जिंकला तरी तेवढेच, हरला तरी तेवढेच. दोघंही तोवर एकदाही न हरलेले, कमी कोण घेणार? अन् ते पंधरा फेऱ्या असे लढले की कोणी नुरा म्हटलं नाही. ही गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर ओसरीवर सांगितली असती. पण ती कामात आली असती असं वाटत नाही.

सात चकरा झाल्या. दंगल आठ दिवसांवर असताना कापसाची भरलेली बंडी नाल्यात फसली. दादानं चाकाला खांदा दिला अन् त्याचा गुडघा मुरगळला. रात्री मायनं हळद गरम करून बांधली. दादा म्हणाला, "वस्तादाले सांगजो नको. कोनालेच सांगजो नको." बाबा वारल्यावर दादानं चौथीतून शाळा सोडली म्हणून मी दहावीपर्यंत पोचलो होतो. त्याच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार?

चार दिवस राहिले तेव्हा मी शेवटचा कागद घेऊन पलीकडं गेलो. वस्तादांनी चष्मा लावला, सगळा कागद वाचून घेतला. मग चष्मा काढून माझ्याकडं पाहत विचारलं, "पोट्ट्या, तुह्या भावाची तब्येत कशी हाय?"

"चांगली हाय," मी म्हटलं.

"पाय-गिय?"

"चांगला हाय."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. आत चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "लिही. दोघायले बराबर. अडीचशे-अडीचशे."

मी खुशीत लिहिलं. सायकलवर अर्ध्या रस्त्यात आलो अन् पाय थांबले. महिनाभर जे दिलं नाही ते आज का दिलं? त्यांना कळलं होतं. गावं जवळची, बातमी नदी ओलांडायला काय वेळ? तब्येतीचं कारण सांगून तारीख पुढं ढकला, असं ते स्वतः म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर भ्याले म्हणून गावभर झालं असतं. १९७४ ला झैरेमध्ये फोरमनच्या डोळ्यावर सरावात जखम झाली तर अलीबरोबरचा अख्खा सामना महिनाभर पुढं गेला होता. आमच्या जत्रेची तारीखही पुढं गेली असती. त्यासाठी आमच्याकडून एका शब्दाची गरज होती, अन् तो शब्द त्यांनी मला दोनदा मागितला.

कुस्ती अकरा मिनिटं चालली. समोरच्यानं दादाच्या दुखऱ्या पायाला हात लावला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वरूनच खेचत राहिला. पण दादानंच पट काढायला गुडघा टेकवला अन् तो तिथंच गेला. चितपट. डफडं थांबलं. दादाला दोघांनी उचलून नेलं. त्यानं पुन्हा लंगोट लावला नाही.

अडीचशे रुपये घरी आले. त्यातून शेंदुरजनाघाटहून संत्र्याची कलमं आणून दादानं लावली. लंगडत आळी केली, लंगडत पाणी दिलं. माझ्या दोन पोरींचं शिक्षण त्या बागेवर झालं. पुढं डिंक्यानं झाडं गेली. कागद अजून पेटीत आहे. खाली दोन अंगठे अन् माझं वळणदार अक्षर.

मागच्या पावसाळ्यात दादाचा गुडघा लई ठणकत होता. मी तेल लावून देत होतो. पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, "दादा, त्या वस्तादानं मले दोनदा इचारलं होतं. मी खोटं बोललो."

"मीच सांगतलं होतं ना तुले," दादा म्हणाला.

मग बराच वेळ पाऊस ऐकत राहिला अन् म्हणाला, "पन तू शिकलेला होता."

मी वाटीतलं तेल हातावर घेतलं अन् दुसऱ्या पायाला लावू लागलो. त्यानं पाय ओढून घेतला नाही.