उरलेली रेघ

झरीना हाश्मींची चित्रं पाहिलीत का? सध्या भेटेल त्याला पकडून मी हेच विचारतेय. घरचे वैतागलेत, वैतागू देत!

त्यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ हे 2001 सालचं वुडकट घ्या. कागदावर वाकडीतिकडी उतरत गेलेली एक जाड काळी रेघ. बस्स. भारत-पाकिस्तानची सीमा. रेघ काय, कोणीही ओढेल, असं म्हणाल. पण ही ओढलेली नाहीच! वुडकटमध्ये लाकडाचा जो भाग उंच उरतो त्यालाच शाई लागते. म्हणजे रेघ हवी तर तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख कोरून काढायचा. पंजाब, सिंध, राजस्थान, सगळ्याचा भुसा; उरते फक्त सीमा. त्यात छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणून ठोकळ्यावर पाकिस्तान उजवीकडे आणि आपण डावीकडे! नीट बघा, रेघेभोवती बारीक काळे फटकारे दिसतील. हत्याराखालून निसटलेलं लाकूड. ते त्यांनी साफ केलं नाही, आणि मला तर तेच सगळ्यात आवडलं.

बाई जन्मल्या 1937 साली, अलीगढला. फाळणीच्या वेळी दहा वर्षांच्या. पुढे आईवडील कराचीला गेले. पदवी गणिताची! नवरा परराष्ट्र सेवेत, त्यामुळे सतत बिऱ्हाड हलतं. वुडकटची ओळख बँकॉकला, मग पॅरिसला मुद्राचित्रकार हेटरकडे, नंतर टोकियोत धडे. मध्येच दिल्लीत ग्लायडर उडवायला शिकल्या. त्यांच्या कितीतरी चित्रांत घर वरून पाहिलेलं असतं, नुसत्या भिंती, दारं, अंगण. ती नजर ग्लायडरमधूनच आली, अशी माझी आपली ठाम समजूत! घर, उंबरठा, नकाशा, सीमा. फिरून फिरून हेच.

‘लेटर्स फ्रॉम होम’ (2004) बघताना मात्र माझी बडबड थांबली. बहिणीने, राणीने, उर्दूत लिहिलेली, पण टपालात न टाकलेली पत्रं. आईवडील गेले, घर विकलं, असलं सगळं त्यांत. झरीनांनी त्या अक्षरांचे ठसे करून घेतले आणि त्यांच्यावरच घरांचे आराखडे, नकाशे छापले.

2020 मध्ये त्या लंडनला वारल्या. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही त्यांची 36 वुडकटची मालिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात आहे. म्युझियमच्या वेबसाइटवर शोधा, मोठ्या पडद्यावर उघडा, आणि कृपा करून भराभर सरकवू नका.