मांजरीचे ऑपरेशन

आमच्या चाळीत मांजर व्याली की कोणीतरी पिले गोणीत भरून बाजारात सोडून येई. आईच्या दुधावाचून ती तिथे जगत नसत.

मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. नुसती दूधभाकरी घालून हे थांबणार कसे? आम्ही चार बायांनी घरटी वर्गणी काढली आणि मांजरी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेल्या.

सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवाचं आईपण का हिरावता?"

मी म्हटले, "आत्याबाई, दर खेपेला पिलं गमवायची, हे कसलं आईपण?"

त्या गप्प राहिल्या. पण पुढच्या खेपेला टोपलीवर झाकायला आपले जुने लुगडे त्यांनीच काढून दिले.

भगिनींनो, बोक्यांचेही ऑपरेशन करून घ्या. भार एकट्या मांजरीवरच का?