लेकीची सायकल आणि टेकडीची वाट

मुलगी चौदा वर्षांची झाली की आपल्या बऱ्याच घरांत दोन गोष्टी न बोलता घडतात. तिच्या ओढणीकडे सगळ्यांचं लक्ष जायला लागतं आणि तिची सायकल धाकट्या भावाकडे जाते. चिपळूणजवळच्या आमच्या गावात मी आठवीपर्यंत सायकलवर शाळेत जात होते. नववीत माझ्या हातात एसटीचा पास आला. कुणी रागावलं नाही, कुणी मनाईही केली नाही. सायकल अंगणातून नाहीशी झाली, एवढंच.

त्यामुळे गेल्या वर्षी थोरली म्हणाली, "अम्मी, मला टेकडीवर चालवायची सायकल पाहिजे," तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग धास्ती वाटली. माझा भाचा आणि भाची पुण्याच्या वेताळ टेकडीवर रविवारी सायकल चालवतात. तिकडूनच हे खूळ घरात आलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "पडली, तोंडाला लागलं, तर उद्या लोक काय म्हणतील?" मुलीचे अब्बा म्हणाले, "चालवायचीच तर रस्त्यावर चालवू दे. झाडीत कशाला?" मी एवढंच विचारलं, की रस्त्यावर पाण्याचे टँकर आणि बस असतात, टेकडीवर काय असतं? दगड असतात. दगड अंगावर धावून येत नाहीत. तरी दोघांची काळजी खोटी नव्हती. म्हणून अटी ठरल्या. एकटीने जायचं नाही. भाची सोबत हवी. फजरनंतर निघायचं आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. पहिले चार रविवार भाचीचीच सायकल आलटून पालटून चालवायची. तेवढ्यात हौस फिटली तर पैसे वाचले, नाही फिटली तर दुकानात जायचं.

वेताळ टेकडी हे पुणे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. एका अंगाला लॉ कॉलेज रस्ता, दुसऱ्या अंगाला पाषाण, आणि मध्ये ही झाडी. गिरिपुष्पाची लागवड बरीच आहे. फेब्रुवारीत त्याची पानं झडतात आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरतात. पायवाट मुरमाची, मधे मधे काळा कातळ वर आलेला. मोराचा आवाज नेहमी येतो, मोर कधीतरीच दिसतो. मी पायी मागून जात असे. पहिल्या रविवारी मुलगी चढावर तीनदा उतरली. चौथ्या रविवारी एकदाच उतरली, आणि हौस फिटलेली नव्हती.

अशा सायकलींची गोष्टही मजेची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगरावर १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटेने खाली सुटायचे. १९७६ साली त्यांनी त्या परिसरात शर्यत सुरू केली, तिचं नाव रीपॅक. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर अशा लोकांनी खास डोंगरासाठी सायकली बनवल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला तेव्हा पुरुष आणि महिला, दोघांच्याही शर्यती होत्या. हे मी सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते अमेरिकेत." पण ऐकून घेतलं.

मग दुकानाची वेळ आली. मुलीचे अब्बा वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. "मी फक्त पैसे द्यायला येतो," असं म्हणून ते आले. पहिल्या दुकानात पुढे आणि मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, भडक रंगाची सायकल आमच्यापुढे ठेवली गेली. किंमतही कमी. मुलगी बघतच राहिली. यांनी ती एका हाताने उचलायला घेतली आणि खाली ठेवली. मग सीटवर जोर दिला. सायकल गादीसारखी खाली गेली. ते म्हणाले, "चढावर पायाचा अर्धा जोर ही स्प्रिंगच खाणार. आणि हिचं वजन तू वर नेणार की मी?" तिथून पुढे सायकल तेच निवडायला लागले.

मागे स्प्रिंग असलेली चांगली सायकल वाईट नसते, पण ती महाग असते. कमी पैशांत तीच गोष्ट घेतली तर हाती लोखंडाचा बोजा येतो. नवशिक्याला पुढे स्प्रिंगचा काटा आणि मागे कडक फ्रेम पुरते. पुढचा काटा सपाट रस्त्यावर बंद करता आला तर आणखी बरं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माप. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या दांड्यात आणि शरीरात निदान दोन इंच जागा हवी. "मुलगी वाढेल, एक साइज मोठी घ्या," हा सल्ला कपड्यांना ठीक, सायकलला नाही. उतारावर अचानक पाय टेकावा लागतो तेव्हा मोठी सायकल आवरत नाही. आमच्या पाच फूट दोन इंचांच्या मुलीला लहान फ्रेम आणि साडेसत्तावीस इंची चाकं बसली. मोठी २९ इंची चाकं दगडांवरून सहज जातात, पण ती तिला जड वाटली.

ब्रेक डिस्कचे, तेलाच्या दाबावर चालणारे घेतले. एका बोटाने दाबले तरी धरतात, आणि लहान हातांना उतारावर तेच लागतं. पुढे दात्यांचं एकच चक्र आणि मागे नऊ. गिअरच्या भल्यामोठ्या आकड्याला भुलू नये. मागचं सर्वांत मोठं चक्र किती मोठं आहे ते बघावं, चढ त्याच्यावर निघतो. टायर सव्वादोन इंच रुंद, खोल नक्षीचे. रस्त्यावर आपण हवा गच्च भरतो. मुरमावर ती कमी ठेवतात, तिच्या वजनाला ३० पीएसआयच्या आसपास, म्हणजे टायर जमीन पकडतो. सगळे मिळून २६ हजार झाले. ईदच्या कपड्यांना आणि माझ्या नव्या मिक्सरला त्यात कात्री लागली.

पोशाखाचा प्रश्न आपल्या घरांत येतोच, म्हणून सांगते. सलवार घोट्याशी इलॅस्टिकने बांधायची, नाहीतर चेनमध्ये जाते. स्कार्फ पातळ होजिअरीचा, डोक्यावर पिन न लावता आत खोचलेला, आणि त्यावर हेल्मेट. पिन हेल्मेटखाली टोचते आणि पडल्यावर इजा करते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसायला हवं. लोंबती ओढणी अजिबात नको.

चालवायचं तंत्र भाचीने शिकवलं. नजर पुढच्या चाकावर नाही, दहा-पंधरा फूट पुढे. ज्या दगडाकडे बघशील त्याच्यावरच जाशील. उतारावर सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, वजन मागे. दोन्ही ब्रेक हलके. नुसता पुढचा जोरात दाबला की माणूस हँडलवरून जातो. चढ यायच्या आधीच गिअर बदलायचा. पायी चालणाऱ्या आजी-आजोबांना आधी वाट द्यायची, सलाम-नमस्कार करायचा. चाक घसरवून धूळ उडवायची नाही. पावसात वाट चिखलाची असते तेव्हा जायचंच नाही, कारण तेव्हाच्या चाकोऱ्यांतून पाणी वाहतं आणि वाटच वाहून जाते.

दुसऱ्या महिन्यात ती पडली. कोपर चांगलंच सोलवटलं. घरी येताना मला जखमेपेक्षा दादीची भीती वाटत होती. सासूबाईंनी जखम धुतली, मलम लावलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला लांब बाह्यांचं जाड काहीतरी घाल." पुढच्या खेपेला! मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी लावत बसले.

आता रविवारी अब्बा चेन पुसून तेल घालतात, ब्रेक तपासतात. ज्या मुलीशी त्यांचं बोलणं 'अभ्यास झाला का' एवढ्यावर आलं होतं, तिच्याशी ते अर्धा तास गिअरच्या वायरविषयी बोलतात. मीही भाचीच्या सायकलवर पाषाणच्या बाजूचा सपाट भाग चालवून पाहिला. एक्केचाळिसाव्या वर्षी तोल सापडायला पाच मिनिटं लागली.

तुमच्या घरी कुणी अशी मागणी केली तर घाईने हो म्हणू नका, घाईने नाहीही म्हणू नका. आधी कुणाची तरी सायकल मागून दोन-चार रविवार जा, स्वतः सोबत जा. वाट बघा, मुलीचा चेहरा बघा. मग दुकानात जाताना घरातल्या सर्वांत नाराज माणसाला बरोबर न्या. आमच्याकडे त्यानेच काम झालं.