बिनधुराड्याचं घर

बे-लीफ या जुन्या घरात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी लागते. बाहेर ससेक्सच्या टेकड्यांवर लख्ख ऊन असलं तरी आत आधी येतो तो धुराचा वास. मग ओकचे खांब दिसू लागतात आणि दालनाच्या मधोमध, थेट जमिनीवर, पेटलेला जाळ. या घराला धुराडं नाही. धूर आपला आपण वर चढतो, आढ्याशी घुटमळतो आणि कौलांच्या फटींतून वाट काढतो. जुन्या वाशांवर कैक पिढ्यांची काजळी आहे. आजची त्यावरच बसते.

हे घर लाड करणारं नाही. खिडक्यांना काच नाही, नुसते उभे लाकडी गज आणि रात्री लावायच्या फळ्या. जाळाशी बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते. आणि घराला मानपान पक्का कळतो. दालनाच्या वरच्या टोकाला उंच खिडकीचा उजेड, तिथे मालकाचं टेबल. खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारं, त्यांतून येणारा वारा आणि पलीकडे खाण्यापिण्याच्या कोठ्या. मालकाच्या माडीला भिंतीबाहेर काढलेला संडाससुद्धा आहे.

जन्म केंटमधल्या चिडिंगस्टोनचा, १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा. माडीची बाजू १५०० नंतरची. १९६० च्या दशकात बाउ बीचचा जलाशय ठरला आणि घर बुडितात आलं. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने ससेक्समधल्या सिंगलटनला जुन्या घरांचं संग्रहालय नुकतंच आकार घेत होतं. तेच आजचं वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम. १९६८-६९ मध्ये बे-लीफ सांधा सांधा सोडवून उतरवलं गेलं आणि १९७२ मध्ये इथे पुन्हा उभं राहिलं. हे शक्य झालं, कारण त्याचा सांगाडा खिळ्यांवर नाही, खाचेत बसणाऱ्या कुसांवर आणि लाकडी खुंट्यांवर तोललेला आहे.

पण उभं करताना एक कठोर निर्णय घेतला गेला. मधल्या शतकांत घरात विटांचं धुराडं आलं होतं, उंच दालनात मजला पडला होता. ते सगळं गाळलं. जिथे लाकूड हरवलं होतं तिथे तुळयांमधल्या रिकाम्या खाचांनीच सांगितलं की इथे खिडकीचा गज होता, इथे आडवी पट्टी होती. नंतर नांदलेल्या कितीतरी पिढ्यांचा संसार यात पुसला गेला, ही हळहळ मला वाटतेच. तरीही निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. ज्यात विस्तव मधोमध जळतो आणि सगळं घर त्याच्याभोवती बसतं, असं दालन चित्रात पाहून कळत नाही. त्या धुरात डोळे चुरचुरावे लागतात.

आतली मांडणी १५४० च्या सुमाराची कल्पून केली आहे. बाकं, पेट्या, पलंग, भांडी नव्याने घडवलेली, म्हणून त्यांना हात लावता येतो. मागच्या वाफ्यांत लीक, केल, कांदे, औषधी पाला. बटाटा शोधू नये, तो तेव्हा इंग्लंडात पोचलाच नव्हता.

मात्र हे सुखवस्तू शेतकऱ्याचं घर, हे विसरून चालणार नाही. याच संग्रहालयात हँगलटनची झोपडी आहे. ब्रायटनजवळचं ते गाव मध्ययुगातच उजाड झालं. उत्खननात सापडलेल्या पायांवरून तेराव्या शतकातलं गारगोटीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर पुन्हा रचलं आहे. जाणाऱ्यांनी आधी त्यात शिरावं, मग बे-लीफकडे यावं, म्हणजे त्या उंच दालनाची श्रीमंती नेमकी कळेल. आणि जमल्यास थंडीतच जावं.