मुक्काम स्वस्त हवा

पक्षी बघायला दुर्बीण लागते, पुस्तक लागतं, पहाटे उठायची सवय लागते. पण सगळ्यात आधी लागतो तो मुक्काम. एकाच जागी, एकाच झाडासमोर, आठवडा-दीड आठवडा बसून राहता येईल असा. आणि निवृत्तीच्या पैशांत असा मुक्काम करायचा, तर जागेचं भाडं थोडं हवं. टेक्सासमधलं घर हिवाळ्यात बंद करून, छोटा ट्रेलर गाडीमागे जोडून मी एकटी फिरायला लागले, तेव्हापासून माझं हे मत पक्कं होत गेलं आहे.

अमेरिकेत ही सोय आहे आणि ती सरकारी आहे. वयाची 62 वर्षं झालेल्या नागरिकाला किंवा इथल्या कायमच्या रहिवाशाला 80 डॉलरमध्ये जन्मभराचा पास मिळतो आणि केंद्र सरकारच्या पुष्कळशा कॅम्पग्राउंडवर त्याला निम्मंच भाडं पडतं. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटनं काही जागा खास लांब मुक्कामासाठी राखून ठेवल्या आहेत. तिथे 180 डॉलर भरले, की 15 सप्टेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत राहा. राष्ट्रीय वनांतल्या कॅम्पग्राउंडवर अजूनही कितीतरी ठिकाणी फाटकाशी एक जाड लोखंडी नळकांडं रोवलेलं असतं. शेजारच्या खोक्यातून पाकीट घ्यायचं, त्यावर गाडीचा नंबर आणि किती रात्री राहणार ते लिहायचं, आत नोटा घालून फटीतून टाकून द्यायचं. पाकिटाची फाडलेली चिठ्ठी आपल्या जागेच्या खांबाला अडकवायची. पैसे घ्यायला कुणी बसलेलं नसतं. आलेला माणूस पैसे भरेल हे गृहीत धरलेलं असतं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेच्या काठी पर्चा डॅम नावाचं राज्य उद्यान आहे. धरण म्हणजे कालव्यांत पाणी वळवणारा एक बुटका बंधारा. खरी संपत्ती नदीकाठच्या जुन्या कॉटनवुड वृक्षांची आणि त्यांच्या मागे पसरलेल्या मेस्किटच्या झुडपांची. मेस्किट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच थांबले. बारीक पानं, लांब काटे, पिवळट शेंगा. आमच्या माण तालुक्यात माळावर माजलेली वेडी बाभूळ ही याचीच बहीण, अमेरिका खंडातूनच भारतात आणलेली. आमच्याकडे तिनं गायरानं गिळली, विहिरींचे काठ झाकून टाकले. शेळ्यांना शेंगा आणि चुलीला जळण एवढाच तिचा गुण आम्ही जाणला. इथे मात्र या झाडाच्या शेंगा दळून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या आहेत, त्याच्या फुलांवर मधमाश्या जगतात आणि काट्यांत लावे रात्र काढतात. झाड तेच, पण इथे त्याला त्याचे सगळे सोयरे भेटतात.

या कॉटनवुडांवर बांडगुळं लगडलेली असतात. पानं झडली की ती हिरवे झुबके होऊन डोळ्यांत भरतात. अशाच एका झुबक्यावर मला फायनोपेप्ला हा पक्षी भेटला. नर काळा, रेशमासारखा चकाकणारा, डोक्यावर तुरा, डोळा लालभडक. उडाला की पंखांत पांढरे पट्टे उघडतात. हिवाळाभर त्याचं पोट मुख्यतः बांडगुळाच्या फळांवर चालतं, आणि ही फळं मिळत असली तर तो पाणीही क्वचितच पितो. फळांतल्या चिकट बिया त्याच्या विष्ठेतून फांदीवर पडतात, तिथेच चिकटतात आणि रुजतात. म्हणजे पुढच्या हिवाळ्यांचं अन्न तो आपल्याच फांद्यांवर पेरत असतो. आमच्या परसातल्या आंब्यावर अगदी हेच काम चिमुकला फुलटोच्या करायचा. दादा कोयता घेऊन दरवर्षी बांडगूळ छाटायचे आणि त्याची फुलं-फळं खाली पडली की तो पक्षी चिडून टिकटिकत राहायचा. तेव्हा मी आंब्याच्या बाजूची होते. आता मला दोन्ही बाजू कळतात.

आता मुक्कामाकडे येते. पहिल्या दिवशी मी वहीत फक्त फायनोपेप्ला, नर, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिथून निघाले असते तर माझ्या लेखी तो पक्षी तेवढाच राहिला असता. पण मुक्काम होता, घाई नव्हती. मग दिसायला लागलं, की हा रोज तोच पक्षी आहे. नदीच्या बाजूच्या, खालून तिसऱ्या फांदीवरचा झुबका त्याचा. निळे ब्लूबर्ड थव्यानं फळं खायला येतात, तेव्हा हा शेंड्यावरून सरळ त्यांच्यावर झेप घेतो, एकाला हाकलतो, तेवढ्यात दुसरे दोघे खाऊन घेतात, मग तो त्यांच्या मागे लागतो. दुपारी थवा निघून गेल्यावर तो शेपटी झटकत ‘वर्प’ असा एकच खालचा सूर पुन्हा पुन्हा काढतो. असा एकेक पक्षी ओळखीचा व्हायला दिवस लागतात, आणि महागड्या लॉजवर ते दिवस घड्याळ बघत जातात.

एकटीनं ट्रेलर हाकायचा म्हणजे कष्ट आहेत. मागे घेताना हात दाखवायला कुणी नसतं. उतरायचं, बघायचं, पुन्हा बसायचं, हातभर मागे घ्यायचं, पुन्हा उतरायचं. चाकांखाली ठोकळे सारून तो समतल करायचा, गॅसची टाकी तपासायची, सांडपाण्याची टाकी भरत आली की ती रिकामी करायला जायचं. पाण्याचं मात्र मला कधी ओझं वाटलं नाही. दुष्काळी गावातल्या पोरीला भांडी किती पाण्यात निघतात हे शिकवावं लागत नाही.

गावाकडून धाकटी बहीण फोन करते. “अक्का, एकटीच हायस? रात्री भ्या वाटत नाय?” भीती वाटते, कधी कधी. वारा सुटला की ट्रेलर हलतो, कोल्ह्यांसारखे दिसणारे कायोटी अगदी जवळ ओरडतात. पण बऱ्याच कॅम्पग्राउंडवर एखादं निवृत्त जोडपं फुकट राहण्याच्या बदल्यात देखरेख करत असतं. संध्याकाळी ते फेरी मारतात, “आज काय दिसलं तुम्हाला?” एवढंच विचारतात आणि पुढे जातात. विचारपूस पुरेशी आणि चौकशी मुळीच नाही, हे मला मानवतं. एकटेपणाचा आणखी एक फायदा असा, की पक्षी लवकर निवळतात. दोघं असली की बोलणं होतंच. एकटं माणूस खुर्चीत बसलं, की थोड्या वेळानं रोडरनर पायांशी येतो, उन्हाकडे पाठ करतो आणि पाठीवरची पिसं फुलवून खालची काळी कातडी शेकत उभा राहतो. कोकिळेच्या, भारद्वाजाच्या कुळातला हा पक्षी. भारद्वाजासारखाच जमिनीवरून चालणारा, तसाच शिकारी.

उत्तरेला दीड तासाच्या अंतरावर बोस्के देल अपाचे हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य आहे, 1939 साली स्थापन झालेलं. 1941 च्या हिवाळ्यात तिथे अवघे 17 सँडहिल क्रेन होते. आज ते हजारोंनी उतरतात. गोंदियाच्या भातखाचरांत उरलेल्या सारसांच्या जवळच्या नात्यातले हे पक्षी. कायोटीपासून जपायचं म्हणून ते रात्रभर उथळ पाण्यात उभे राहतात, आणि सकाळी त्यांचा कर्ण्यासारखा आवाज थंडीतून लांबवर जातो. या देशातल्या अशा अनेक पाणथळ जागा विकत घेतल्या गेल्या त्या बदकं मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या पैशांतून. 1934 पासून त्यांना दरवर्षी ‘डक स्टँप’ घ्यावा लागतो आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा या जमिनींकडे जातो. मी माळकरी घरातली, पण दरवर्षी तो 25 डॉलरचा स्टँप विकत घेते. ज्यांनी बंदूक हातात घेऊन का होईना हे पाणी राखलं, त्यांच्या रांगेत उभं राहून पैसे भरणं मला माझं देणं वाटतं.

राखलेलं पुन्हा राखावं लागतं. 2025 च्या जूनमध्ये पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव सेनेटमध्ये आला. शिकारी, मासेमार, गिर्यारोहक आणि माझ्यासारखे पक्षी बघणारे एकत्र ओरडले आणि महिना संपायच्या आत तो मागे घेतला गेला. त्या आठवड्यात मीही माझ्या सेनेटरांना पत्र लिहिलं. उन्हाळ्यात पर्चाला फायनोपेप्ला असतात का हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून पत्रात हिवाळ्यातलंच लिहिलं: कोणत्या झाडावर बांडगूळ आहे, तिथे कोण बसतं, तो ब्लूबर्डना कसा हाकलतो, आणि हे सगळं मला दिसलं ते तिथलं भाडं मला परवडलं म्हणून. नवा प्रस्ताव आला तर हेच पुन्हा लिहीन, तोवर जमवलेल्या आणखी नोंदी जोडून.