अलार्म वाजण्याआधी

बीपीचा कफ आणि ऑक्सिजन सॅच्युरेशनचा प्रोब पेशंटच्या एकाच हाताला लावला, की त्या बेडची रात्र गेलीच म्हणून समजावं. कफ फुगतो, दंडातला रक्तप्रवाह क्षणभर अडतो, बोटावरच्या प्रोबला नाडी सापडेनाशी होते आणि मॉनिटर बोंबलायला लागतो. पेशंटला झालेलं काहीच नसतं. झोप मात्र उडते, त्याची आणि शेजारच्याचीही. मुरलेली सिस्टर ड्यूटीवर आली की पहिल्यांदा प्रोब दुसऱ्या हातावर घेते.

आयसीयूत हे कसब कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वॉर्डातल्या रात्रीच्या आवाजाची सरासरी मर्यादा ३० डेसिबल आहे. ऑक्सफर्डच्या ज्युली डार्बीशायर आणि डंकन यंग यांनी इंग्लंडमधल्या पाच आयसीयूंत आवाज मोजला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली आले. सगळ्यांत शांत वेळ पहाटे चारची, आणि तेव्हाही सरासरी ५१! डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही; दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ही पहाटेची ‘शांतता’ मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात ७७ आयसीयू बेडवरच्या मॉनिटरांची महिनाभर नोंद झाली. अलार्म भरले २५ लाखांवर. त्यातले कानावर पडणारे, दर बेडला दिवसाकाठी १८७. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे जे अलार्म तज्ज्ञांनी तपासले, त्यांतले जवळपास ८९ टक्के खोटे निघाले. इतक्या वेळा ‘लांडगा आला’ ऐकल्यावर खऱ्या लांडग्याला कोण धावणार?

यावरचे उपाय अगदीच किरकोळ वाटतात. छातीवरच्या इलेक्ट्रोडची जेल सुकते, घामानं कडा सुटतात आणि मॉनिटरला नको ते दिसू लागतं. त्वचा नीट पुसून रोज नवे इलेक्ट्रोड लावले की बरीच बोंब थांबते. ज्याची नाडी मुळातच मंद आहे, त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून अलार्मची लिमिट बदलून घ्यावी लागते. कंपनीनं लावून दिलेली लिमिट प्रत्येकाच्या अंगाला बसत नाही. सिरिंज पंपातलं औषध संपत आलं की तो ओरडायच्या आत नवी सिरिंज भरून तयार हवी.

उरला माणसांचा आवाज. पुढच्या पाळीला ओव्हर देताना चढलेला सूर, मावशींची बादली, धाडकन पडणारं डब्याचं झाकण. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली, एकही मॉनिटर नसताना, ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये आवाजावर अख्खं प्रकरण लिहिलं. पेशंटजवळची कुजबुज आणि सळसळते झगे त्यांना अजिबात खपत नसत. यंत्रांवर सगळं खापर फोडायची सोय त्यांनी आधीच काढून घेतली म्हणायची.

भेटीला जाणाऱ्यांनी मोबाइल दाराबाहेरच बंद करावा. मॉनिटर वाजला तर आपण होऊन बटण दाबू नये; पेशंटकडे बघावं आणि सिस्टरांना बोलवावं.