वाऱ्यावर ठरणारी सकाळ

पेली बेट, ओंटारिओ
८ मे

प्रिय ताई,

दुपारी पोचले. काठावरून फेरीबोटीने दीड तास लागतो. ईरी सरोवराला समुद्र न म्हणण्याचं कारण एवढंच, की खारा वास येत नाही. पेली हे या सरोवरातलं सर्वांत मोठं बेट, आणि कॅनडात माणसं राहतात त्या जागांतलं सर्वांत दक्षिणेचं. बारमाही वस्ती दोन-तीनशेच्या आसपास. द्राक्षमळे, सोयाबीनची शेतं आणि दक्षिण टोकाला फिश पॉइंटचा निमुळता वाळूचा दांडा. तिथल्या वाळूत चक्क निवडुंग पाहिला! सरोवरामुळे इथली थंडी जरा सौम्य असते, म्हणून तो तगतो.

घरमालकीणबाईंनी चहाआधी सांगितलं काय, तर वारा फिरलाय. मे महिन्यात इथे सगळ्या गप्पा वाऱ्यापासून सुरू होतात. मेक्सिकोपासून पेरूपर्यंत हिवाळा काढलेली पाखरं या दिवसांत कॅनडाच्या जंगलांकडे घरटी करायला निघालेली असतात. दक्षिणेचा वारा पाठीशी मिळाला की अंधार पडताच उठतात. रात्री हवा गार आणि स्थिर असते, शिकारी ससाणे झोपलेले असतात आणि दिवस खायला मोकळा राहतो. दिशा ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून धरतात. कित्येक जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडून आलेले असतात. युकातानहून संध्याकाळी उठलेलं पाखरू दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या किनाऱ्याला टेकतं. हजारभर किलोमीटर, खाली नुसतं पाणी. आणि वजन? ब्लॅकबर्नियन वॉर्बलर दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. तुझ्या तराजूत तो मोहरीच्या पुडीलाही हरेल.

जेवणानंतर सगळ्यांचे मोबाइल निघाले. हवामानाच्या रडारवर, सूर्य मावळून तासाभराने, ढग नसतानाही निळे-हिरवे डाग पसरत गेले. ते सगळे उडते पक्षी! आकाशात काहीच दिसत नव्हतं. अंगणात कान देऊन उभी राहिले तेव्हा वरून मधूनच बारीक हाक ऐकू आली.

११ मे

ताई,

काल रात्री वारा दक्षिणेचा होता, पण पहाटे उत्तरेकडून पाऊस आडवा आला. मालकीणबाईंनी साडेपाचला दार ठोठावलं, "चला, आज पडलेत!"

खरंच पडले होते. रात्रभर उडून सरोवरावर आलेल्या थव्यांना समोरून वारा-पाऊस भेटला, की मिळेल त्या पहिल्या जमिनीवर ते उतरतात. फिश पॉइंटच्या हॅकबेरीच्या झाडांत डोळा ठरत नव्हता. ब्लॅकबर्नियनचा गळा निखाऱ्यासारखा नारिंगी. मॅग्नोलिया वॉर्बलरच्या पिवळ्या छातीवर काळ्या रेघा. काळा-पांढरा पट्टेरी वॉर्बलर बुंध्यावर उलटा-सुलटा सरपटत होता. बाल्टिमोर ओरिओल पाहून आपला हळद्या आठवला. दोघांचं घराणं मात्र वेगळं. सरोवरातून उठलेली चिलटं काठच्या झुडपांवर दाट बसली होती. ती चावत नाहीत आणि पाखरांचा निम्मा बाजार त्यांच्यावर चालतो.

एरवी हे पक्षी शेंड्याला असतात आणि बघणाऱ्यांच्या माना आखडतात. आज दुर्बिणीची गरज नव्हती. लालभडक, काळ्या पंखांचा स्कार्लेट टॅनेजर माझ्या बुटांपासून दोन हातांवर वाळूतले किडे टिपत होता. मी हलले तरी तो उडाला नाही. उडण्याइतकं त्याच्यात उरलं नव्हतं.

आजूबाजूला सगळे म्हणत होते, काय दिवस आहे! मीही म्हटलं. दुपारी खोलीत ओले मोजे वाळत घालताना मात्र हिशेब लागला. बघणाऱ्याचा सर्वांत भाग्याचा दिवस म्हणजे पाखरांची सर्वांत वाईट रात्र. काठापर्यंत पोचलेलेच तर आपल्याला दिसले. जे पाण्यात गेले ते कुणाच्या यादीत येणार?

१४ मे

ताई,

आज इथल्या पक्षी-वेधशाळेत गेले होते. लेखक ग्रॅम गिब्सन यांनी २००३ मध्ये ती उभी केली. जंगलात न दिसणाऱ्या बारीक जाळ्या लावतात आणि ठरावीक वेळाने फिरून पाहतात. अडकलेलं पाखरू सोडवून कापडी पिशवीतून आणतात, पायात नंबराचं कडं घालतात, पंख मोजतात. मग पोटावर हलकी फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात आणि कातडीखालची पिवळसर चरबी दिसते, म्हणजे पुढच्या मजलेची शिदोरी किती उरलीय ते कळतं. आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची कडी याच कामाची.

पण आज जाळ्या जवळजवळ रिकाम्या. रात्र निरभ्र होती, वारा पाठीशी. कडी घालणारी मुलगी म्हणाली, थांबायचं कारणच नव्हतं, वरूनच निघून गेले. हे तिने अगदी खुशीत सांगितलं! आणि वहीत तेवढीच दोन-तीन नावं नेमकी वेळ घालून लिहिली. चांगल्या सकाळी सगळेच लिहितात, रिकाम्या सकाळीही लिहिलं तरच हिशेब खरा होतो. अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि ते हवामानाचं रडार जुळवून २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की १९७० पासून अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ३०० कोटी पक्षी कमी झाले. त्यांत वॉर्बलरांचं घराणं सर्वाधिक पोळलेल्यांपैकी.

बेटावरचा पाऊस त्यांच्या वाटेत पूर्वीपासून आहे. टोरांटोसारख्या शहरांतल्या काचेच्या उजळलेल्या इमारती नव्या. रात्री पाखरं त्यांच्या दिव्यांनी ओढली जातात आणि काचेवर आपटतात. फ्लॅप ही संस्था १९९३ पासून तिथल्या इमारतींच्या पायथ्याशी मेलेली-जखमी पाखरं गोळा करतेय, नोंदतेय. लेकीला आजच फोनवर सांगितलं, विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतला दिवा मे महिनाभर बंद. जावईबापू हसले, पण हो म्हणाले.

आता तुझ्यासाठी काम. पावसाआधी देवरुखच्या परड्यात नवरंग शीळ घालायला लागतो. पहिल्यांदा ऐकशील ती तारीख कालनिर्णयवर लिही. त्याआधीच्या ज्या सकाळी कान देऊनही काही ऐकू आलं नाही, त्या चौकटीत शून्य घाल. कंटाळा करू नकोस. जूनअखेर येईन तेव्हा दुधाच्या हिशेबाच्या आधी तो हिशेब बघेन.

तुझी,
धाकटी